लंडनच्या तलवारीला ४७ लाख, गल्लीतल्या दफ्तराला रद्दीचा भाव

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. शिव्या घालायच्या असतील तर खुशाल घाला, पण पूर्ण वाचून घाला.

रघुजीराजे भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने विकत घेतली. वाहतूक, विमा सगळं धरून ४७ लाख १५ हजार रुपये खर्च आला. १८ ऑगस्ट २०२५ ला ती मुंबईत आली, पु. ल. देशपांडे अकादमीत समारंभ झाला. मला आनंद झाला, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून कोणी मला देशद्रोही ठरवायला नको. सेनासाहेबसुभा पदवीचा माणूस, ज्याच्या फौजा बंगाल-ओडिशापर्यंत गेल्या, त्याची तलवार घरी आली. चांगलंच झालं.

पण ती घरी कशी आली, ते नीट बघा. सोथबीजचा लिलाव २९ एप्रिलला होता. बातमी सरकारच्या कानावर आली २८ एप्रिलला. म्हणजे हातात एक दिवस. सरकारला थेट बोली लावता येत नव्हती म्हणून मध्यस्थ उभा केला आणि त्याच्यामार्फत तलवार घेतली. धावपळ केली त्यांचं कौतुक आहेच. पण बारा-तेरा कोटींच्या राज्याला आपल्या वारशाची वस्तू विक्रीला निघाल्याचं आदल्या दिवशी कळतं. लिलावाच्या याद्या आधीच जाहीर झालेल्या असतात, फोटोसकट, अंदाजे किमतीसकट. त्या बघायचं काम कोणाचं, हे आजही ठरलेलं दिसत नाही. कोणीतरी अभ्यासक बघतो, फोन करतो, मग मंत्रालय जागं होतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ही तलवार ओळखता आली कशामुळे? पातं युरोपातलं, मूठ आपल्याकडची. अशा फिरंगी तलवारी जगभरच्या लिलावांत येतच असतात. या तलवारीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव आणि पदवी कोरलेली होती. म्हणून ती सापडली. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर लुटीत गेली असावी, असा अंदाज आहे. दोनशे वर्षांनी तिला ओळख दिली ती त्या एका ओळीने.

आता मला सांगा, तुमच्या गावातल्या किती वस्तूंवर नाव कोरलंय?

आमच्या शहरातल्या जुन्या पेठेत एक वाडा पाडला. मालकाला मी दोष देणार नाही. अकरा वारस, त्यातले सात पुण्यात, दोघं परदेशात, एक कोर्टात आणि राहणारा एक. छप्पर गळतंय, दुरुस्तीला कोणी दमडी देत नाही, पण सही करायला मात्र अकरा जण लागतात. बिल्डर आला, सुटले बिचारे. वाड्याची दिंडीदरवाज्याची सागवानी चौकट, वर गणेशपट्टी, दोन्ही बाजूंना पोपट आणि केळफूल. मागच्या चौकात सुरूचे खांब. शहरातून एक व्यापारी टेम्पो घेऊन आला आणि चौकट पंधरा हजारांना घेऊन गेला. खांब लाकडाच्या भावात. मी बातमी केली, आतल्या पानावर दोन कॉलम लागली. त्या दिवशी पहिलं पान वाढदिवसाच्या जाहिरातीला होतं. असो.

चारेक महिन्यांनी एका ऑनलाइन लिलावाच्या यादीत मला चौकट दिसली. कोरीव सागवान, पश्चिम भारत, एकोणिसावं शतक. गणेशपट्टी, पोपट, केळफूल. अपेक्षित किंमत लाखांत. तीच का? सांगता येत नाही. माझ्याकडे त्या वाड्याचा फोटो आहे, पण तो जेसीबीचा आहे, चौकट त्याच्या मागे अर्धी झाकलेली. वारसांकडे लग्नाचे अल्बम आहेत, त्यात नवरा-नवरी आहेत, दरवाजा नाही. कोणाकडे मोजमाप नाही, नोंद नाही. म्हणजे मी उद्या छातीठोकपणे ओरडलो तरी लिलाववाला विचारणार, "पुरावा?" आणि मी काय दाखवू, जेसीबी?

लिलावाचा सगळा धंदा या एका शब्दावर चालतो. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, तिचा मालकीचा माग काय. माग पक्का असेल तर किंमत चढते. आणि तोच माग चोरीचा निघाला तर विक्री थांबते. नोंदच नसेल तर? तर "एका खासगी संग्रहातून" एवढं लिहिलं की भागतं. आपण नोंद ठेवत नाही, म्हणून त्यांचं फावतं.

पुराव्याने काय होतं, ते तामिळनाडूत बघा. श्रीपुरंथन नावाच्या गावातल्या देवळातून नटराज चोरीला गेला. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ साली तो सुमारे पन्नास लाख डॉलर देऊन विकत घेतला. पुढे तो चोरीचा असल्याचं सिद्ध झालं आणि २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत येऊन तो परत दिला. कशाच्या जोरावर? पाँडिचेरीतल्या फ्रेंच संस्थेने देवळादेवळांत फिरून काढून ठेवलेल्या फोटोंच्या. ज्यांनी ते फोटो काढले त्यांना काय माहीत पुढे चोरी होणार आहे म्हणून. काढून ठेवले, एवढंच. चुकता न करता आलेली मूर्ती ती. बोली नाही, मध्यस्थ नाही, विमा नाही.

पिप्रहव्याच्या रत्नांचंही तसंच. बुद्धाच्या अस्थींबरोबर पुरलेली ती रत्नं १८९८ साली उत्तर प्रदेशात पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने खणून काढली. त्याच्या वंशजांनी मे २०२५ मध्ये हाँगकाँगला लिलावात मांडली. केंद्र सरकारने कायदेशीर नोटीस पाठवली, लिलाव थांबला, शेवटी गोदरेज समूहाने पैसे मोजले आणि जुलैअखेर रत्नं भारतात आली. नोटीस पाठवता आली कारण कुठून, कधी, कोणी काढली याची सव्वाशे वर्षांपूर्वीची नोंद होती. आपल्या गावच्या वस्तूंसाठी नोटीस कशाच्या आधारावर पाठवणार?

आता टाकांकडे येतो. हे वाचून काही जणांना राग येईल.

आपल्या देवघरातले टाक. खंडोबा घोड्यावर, बरोबर म्हाळसा, पायाशी कुत्रं. भवानी. वीर, म्हणजे घराण्यातला कोणी पूर्वज. चांदीच्या पत्र्यावर ठसा मारलेले, पिढ्यान्‌पिढ्या हळद लागून झिजलेले. घरात वाटण्या झाल्या की देवही वाटले जातात, किंवा टाक झिजला म्हणून नवा करतात. जुना कुठे जातो? सराफाकडे, मोडीत. वजनावर. आणि आमच्याच भागातला एक सराफ मला हसत हसत सांगत होता, "साहेब, आता आम्ही आटवत नाही. घेणारे येतात. चांदीच्या तिप्पट-चौपट देतात." बाहेरच्या बाजारात हेच टाक मखमलीवर मांडून, फ्रेम करून विकले जातात. खाली लिहिलेलं असतं, लोककला, महाराष्ट्र.

ज्या घराने कुलधर्म म्हणून शंभर वर्षं तळी भरली, त्या घरचा खंडोबा वजनकाट्यावर जातो आणि त्याच घरातला पोरगा रात्री स्टेटस ठेवतो, "इंग्रजांनी आमचं लुटलं." लुटलं रे बाबा, लुटलंच. पण परवाच्या टेम्पोत इंग्रज नव्हता. टेम्पोचा नंबर आपल्याच आरटीओचा होता.

आणि कागद. कागदाचं तर बोलूच नका. माळ्यावरची रुमालात बांधलेली दफ्तरं, मोडीतली. कोणाला वाचता येत नाहीत म्हणून दिवाळीच्या साफसफाईत बाहेर. रद्दीवाला काय, किलोवर घेतो, त्याला मोडी आणि वर्तमानपत्र सारखंच. उलट म्हणतो, हा कागद जाड आहे, पुड्या चांगल्या होतात. मग आलं २०२३ साल. कुणबी नोंदी शोधायला न्या. शिंदे समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यात मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये धूळ झटकली गेली. लोक माझ्याकडे विचारत यायचे, मोडी वाचणारं कोणी आहे का हो ओळखीचं? त्यातल्या दोघांनी तरी घरचं दफ्तर आधीच विकलेलं होतं. त्यात त्यांना हवी ती नोंद होती की नव्हती, आता ब्रह्मदेवालाही कळणार नाही. आरक्षणाच्या वादात मी इथे शिरत नाही. एवढंच म्हणतो की ज्या कागदाला तुम्ही कचरा म्हणालात, त्यासाठी पुढे रांगा लागल्या.

राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ ला काढला, तो सरकारी मदतीवर नव्हे. गावोगाव हिंडून, लोकांच्या माळ्यांवरची दफ्तरं तपासून. पुण्यात दिनकर केळकरांचं चष्म्याचं दुकान होतं. त्या माणसाने अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दरवाजे, बायकांच्या वेणीफणीच्या पेट्या असं घराघरांतून जमवलं, गेलेल्या मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि पुढे ते सरकारला देऊन टाकलं. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जा. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेताशिवारात सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या, म्हणून तिथे आज संग्रहालय आहे आणि रोमशी व्यापार करणारं तगर नगर काय होतं ते आपल्याला बघायला मिळतं. चष्मेवाल्याने आणि गावच्या एका माणसाने केलेलं काम आहे हे. आपल्याकडे खिशात बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा आहे आणि आपण त्याने काय काढतो? वडापाव.

"अहो पण कायदा आहे की," असं एक अधिकारी मला म्हणाले. आहे ना! १९७२ चा पुरावशेष कायदा. शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू, हस्तलिखित असेल तर पंचाहत्तर वर्षं, देशाबाहेर नेता येत नाही. विकण्याचा धंदा करायचा तर परवाना लागतो. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. जमिनीत काही सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, दहा रुपयांवरची वस्तू असली तरी कलेक्टरला कळवायचं. कागदावर सगळं चोख. पण आमच्या तालुक्यात नोंदणी कुठे करायची, हे मी चार कार्यालयांत विचारलं. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्याने विचारलं "कशासाठी हवंय?" आणि चौथं कार्यालय बंद होतं.

लोकांना नोंदणीची भीती वाटते तीही खरी. "सरकार घेऊन जाईल" हे मी दहा जणांकडून ऐकलं. नोंदणी केली तर मालकी तुमचीच राहते, वस्तू तुमच्याच देवघरात राहते, देशातल्या देशात विकायची तर कळवून विकता येते. हे गावात येऊन कोणी सांगितलंय? घरकुलाच्या योजनेला रिक्षा फिरते, लसीकरणाला फिरते. याला कधी फिरलेली मी तरी ऐकली नाही.

काही मित्र म्हणतील, पोट भरायचं की जुनी लाकडं सांभाळायची? बरोबर आहे. विका की. कोणी विकू नका म्हणत नाही. पण विकण्याआधी फोटो काढा, समोरून, मागून, बाजूला फूटपट्टी ठेवून. दफ्तर विकण्याआधी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाला नाहीतर जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या सरांना एकदा दाखवा. पंधरा हजाराची चौकट लाखाला जाणार असेल तर निदान भाव तरी कळू द्या मालकाला. यात वारसा जाऊ द्या बाजूला, साधा व्यवहार म्हणूनही आपण फसतोय राव.

आणि आमदार-खासदार मंडळींना एक विनंती. पुढच्या वेळी लंडनची वस्तू आली की फेटे जरूर बांधा, ढोल लावा, मी कव्हर करायला येईन. पण ४७ लाखांत एका तालुक्यातल्या प्रत्येक देवळातल्या मूर्तीचा, प्रत्येक वीरगळाचा, प्रत्येक वाड्याच्या चौकटीचा फोटो आणि नोंद होऊन वर पैसे उरतील, हे एकदा कोणाकडून तरी हिशेब करून घ्या. आमच्याकडे वेशीवरच्या दोन वीरगळांवर पोरं गाड्या टेकवतात. त्यातला एक गेल्या पावसाळ्यात नाल्याच्या कडेला पडलाय. तो उचलायला मध्यस्थ लागत नाही. चार माणसं आणि एक दोर.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. विषयपत्रिकेत "गावातील जुन्या मूर्ती, वीरगळ, वाडे व कागदपत्रांची फोटोसह नोंदवही" हा विषय घ्यावा, असा अर्ज मी टाईप करून ठेवलाय. गावाचं नाव भरायचं, खाली सही करायची, ग्रामपंचायतीत द्यायचा आणि पोच घ्यायची. पोच विसरू नका, तिच्याशिवाय अर्ज दिला की नाही यावरच वाद होतो. ज्यांना हवाय त्यांनी खाली कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, पाठवतो.

आणि त्या वाड्याच्या चौकटीचा, लग्नाच्या वरातीतला का होईना, एखादा जुना फोटो कोणाच्या अल्बममध्ये निघाला तर मला इनबॉक्स करा. ती यादी अजून मी सेव्ह करून ठेवली आहे.