दादींचं हिमोग्लोबिन किती?

पहाटे वजूसाठी दादी उठतात, मोरीच्या ओल्या फरशीवर पाय घसरतो आणि खुब्याचं हाड मोडतं. उदगीर, अहमदपूरहून लातूरच्या, देगलूर, मुखेडहून नांदेडच्या मोठ्या दवाखान्यात गाडी जाते. फोटो निघतो आणि कुणीतरी सांगतं, "रक्त कमी आहे." मग घरात जी धांदल उडते, तिच्याविषयी आम्हाला बोलायचं आहे.

पहिल्या दिवशीचा आकडा फसवा असू शकतो. हाड मोडलं की मांडीत आतल्या आत रक्त साचतं, बाहेर थेंबही दिसत नाही. त्यात दादी बराच वेळ पाण्याविना पडून असतील तर रक्त दाट झालेलं असतं. हिमोग्लोबिन साडेदहा दिसतं, सलाईन लागल्यावर नऊवर येतं. दवाखान्यात आल्यावर रक्त कमी झालं, असा बोभाटा तेव्हाच सुरू होतो! खरं तर रक्त आधीच गेलेलं असतं. दाखल होताना, ऑपरेशनआधी आणि नंतरचे दोन-तीन दिवस हा आकडा विचारून वहीत लिहून ठेवा.

"आधी रक्त भरा, मग ऑपरेशन" हा हट्ट मात्र घरच्यांनी धरू नये. शक्यतो 48 तासांत ऑपरेशन झालेलं बरं. पडून राहिलं की छातीत कफ साचतो, पाठीला जखमा होतात, पायात गुठळ्या होतात. कधी थांबायचं ते डॉक्टरांना ठरवू द्या.

आणि प्रत्येकाला बाटली लागतेच असंही नाही. अमेरिका व कॅनडातल्या 2,000 हून अधिक रुग्णांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सगळे पन्नाशीपुढचे, खुब्याचं ऑपरेशन झालेले, हृदयविकार किंवा त्याचा धोका असलेले. काहींना हिमोग्लोबिन दहाखाली जाताच रक्त दिलं, काहींना आठखाली गेल्यावर किंवा त्रास दिसल्यावर. 60 दिवसांनी चालण्यात वा मृत्यूंत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. तेव्हा नऊला बाटली लावली नाही म्हणून डॉक्टरांशी भांडू नका. पण छातीत दुखणं, धाप, चक्कर, असंबद्ध बोलणं दिसलं तर आकडा कितीही असो, लगेच सांगा.

(रक्तपेढीत साडेबाराच्या खाली हिमोग्लोबिन असलेल्याचं रक्त घेत नाहीत. दादींसाठी रक्त द्यायला गेलेली नात परत येते, तेव्हा तिचंही रक्त कमी आहे हे घराला पहिल्यांदा कळतं.)

घरी आल्यावर सगळे टाके आणि वॉकर बघतात, रक्ताचं कुणी विचारत नाही. बाईचं बाराच्या आणि पुरुषाचं तेराच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. "वय झालं, व्हायचंच" म्हणून सोडायचा नाही. दादी "धाप लागते" म्हणत नाहीत, "नमाज आता बसूनच पढते" म्हणतात, आणि आपण गुडघ्यांना दोष देतो. कारण शोधायला लावा. लोह कमी असेल, मूत्रपिंड थकलेलं असेल, वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेऊन बी-12 घटलेलं असेल. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होत असेल, तर शौच डांबरासारखी काळी होते. लोहाच्या गोळीनेही ती काळी होते, पण अंदाज बांधत बसू नका, डॉक्टरांना सांगा.

कलेजी, तांदुळजा जरूर द्या, पण एवढ्यावर भागत नाही. लोहाची गोळी दिली असेल तर ती चहासोबत नको. दोन्हींत तास-दोन तासांचं अंतर ठेवा. पोटाला सोसत नसेल तर शिरेतून लोह देता येतं. आणि आकडा सुधारला म्हणून गोळी लगेच बंद करू नका. शरीरातला साठा भरायला आणखी तीनेक महिने लागतात.