प्लेसमेंटवाल्यांची वकिली

राज्याच्या सीईटीतून सरकारी विधी महाविद्यालयात शिरणे म्हणजे पाच वर्षे पाण्यात घालणे, असा उपदेश करणारे एक सद्गृहस्थ सध्या पालकांत फार लोकप्रिय आहेत. क्लॅट निघाली तर राष्ट्रीय विधी विद्यापीठ गाठा, नाहीतर कायद्याचा नाद सोडा, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान. कारण काय, तर बाकीच्या कॉलेजांत ‘प्लेसमेंट’ नसते. बहुतेक ठिकाणी नसतेच. पण बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे वकिली करणाऱ्याला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीच्या विधी विभागात रुजू झालात की प्रॅक्टिस थांबवावी लागते. म्हणजे ज्या पॅकेजांच्या आकड्यांनी हे गृहस्थ पालकांना दिपवतात, त्यांत जिल्हा न्यायालयात उलटतपासणी घेणारा वकील दिसणारच नाही. आणि तो दिसत नाही म्हणून त्याचे कॉलेज निकामी! न्यायाधीश व्हायचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. ती विद्यापीठाचे नाव पाहून सैल होत नाही. तारखा मागायला साऱ्यांनाच उभे राहावे लागणार. इंग्रजी कच्चे राहते, हे रडगाणे तर जुनेच. 1998 च्या अधिसूचनेने राज्यातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरवली, तेव्हा मराठीत कैफियत लिहिता न येणे हाही कच्चेपणाच की. वर्ग भरत नाहीत, हा आक्षेप मात्र अनेक कॉलेजांबाबत खरा.

मग अर्ज का करावा? मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद 1935 मध्ये डॉ. आंबेडकरांकडे होते, असे सांगून टाळ्या मिळतील. पण त्याने आजचे अध्यापन सिद्ध होत नाही. माझा मुद्दा रोकडा आहे. ज्युनियरशिपची पहिली वर्षे हलाखीची असतात. बार कौन्सिलने 2024 मध्ये ज्युनियरांना शहरात दरमहा 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन सुचवले, तीही नुसती शिफारस. विद्यापीठाच्या लाखांच्या फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल, तर ही वर्षे कोर्टात काढणे अवघड; सरकारी कॉलेजच्या फीत शिकलेल्याला ती निदान परवडू शकतात. कॉलेज निवडताना एवढे जरूर विचारावे, की साक्षीपुराव्याचा कायदा शिकवणारे कायम प्राध्यापक आहेत का, आणि तिथून कोर्ट किती लांब आहे.