वर्दी उतरते, विद्या उतरत नाही



नौदलात इंजिनिअर अधिकारी म्हणून वीस-पंचवीस वर्षे काढलेला माणूस निवृत्त होऊन मराठवाड्यात परतला आणि जालना एमआयडीसीत काम मागायला गेला, तर त्याला बहुधा पहिला प्रश्न असा येतो : "साहेब, सिक्युरिटीचं बघाल का?" विचारणाऱ्याच्या मनात अनादर नसतो. फौजी म्हणजे बंदूक आणि गेटवरची शिस्त, एवढेच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे असते. ज्याने जहाजाची इंजिने चालवली, त्यांची दुरुस्ती ठरल्या मुदतीत पार पाडली, पन्नास-शंभर माणसांकडून काम करून घेतले, त्याच्या हाती नव्या शेडची किंवा नव्या मिलची उभारणी सोपवावी, हे मालकाला सुचत नाही. आणि खरे सांगायचे तर, आपण ते करू शकतो हे त्या अधिकाऱ्यालाही नीट सांगता येत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्या वस्तीत नौदलाचे अधिकारी असे किती? आपली माणसे भट्टीवर, रोलिंगवर, हमालीवर. साहेबाच्या नोकरीची चिंता आपण का वाहावी? याची दोन कारणे आहेत. साहेब कसा येतो यावर भट्टीपुढे उभ्या असलेल्या आपल्या माणसाचा जीव अवलंबून असतो, हे पहिले. आणि आज जी अडचण अधिकाऱ्याची आहे, तीच उद्या अग्निवीर होऊन परतणाऱ्या आपल्या मुलाची होणार आहे, हे दुसरे.

आधी जालन्याकडे पाहू. "जालना सोने का पालना" ही म्हण जुनी. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातून जालना वेगळा झाला. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली, आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाण्यांइतकेच जालना आज सळईसाठी ओळखले जाते. भंगार यायचे, विजेच्या भट्टीत सुमारे १,६०० अंशांवर वितळायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि रोलिंग मिलमध्ये त्याची सळई ओढायची, असा हा धंदा. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यातूनच जातो. त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. ड्रायपोर्टचे भूमिपूजन २०१५ सालचे. समुद्र शेकडो मैल दूर असला तरी बंदराशी या गावाचे नाते आहे.

आता नौदलाच्या इंजिनिअरकडे पाहू. लोणावळ्याला आयएनएस शिवाजी नावाचे शिक्षणकेंद्र आहे. १९४५ साली ते सुरू झाले. नौदलाचे इंजिनिअर आणि इंजिनखोलीतले आर्टिफिसर तिथे घडतात. विजेचे काम जामनगरच्या आयएनएस वलसुरावर शिकवतात. जहाज म्हणजे पाण्यावर तरंगणारे छोटे गावच. वीज तिथेच तयार करायची, खाऱ्या पाण्याचे गोडे पाणी तिथेच करायचे, पंप, कॉम्प्रेसर, गिअरबॉक्स, बॉयलर, स्विचबोर्ड सगळे तिथेच सांभाळायचे. भर समुद्रात बिघाड झाला तर बाहेरून मेकॅनिक बोलावता येत नाही. ठराविक काळाने जहाज गोदीत दुरुस्तीला येते, त्याला रिफिट म्हणतात. शेकडो कामांची यादी, कोणते काम कोणत्या कामाआधी याचा क्रम, सुटे भाग कधी येणार, कोणता विभाग कुठे अडला आहे, आणि जहाज परत पाण्यात जाण्याची ठरलेली तारीख. याला दुसऱ्या भाषेत प्रोजेक्ट मॅनेजमेंट म्हणतात. रोलिंग मिल पंधरा दिवस बंद ठेवून दुरुस्ती करायची म्हटली की नेमके हेच करावे लागते.

आणि सुरक्षितता. ओले भंगार किंवा बंद डबा वितळलेल्या लोखंडात पडला, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, कोंडलेली हवा फुगते, आणि तप्त रस माणसांच्या अंगावर उसळतो. यात नशिबाचा काही भाग नाही. भंगार तपासणारा माणूस नेमला की नाही, त्याला "हा माल भट्टीत जाणार नाही" असे म्हणण्याचा अधिकार आहे की नाही, एवढाच हा प्रश्न आहे. नौदलात आग आणि पाणी यांच्याशी झुंजण्याचा सराव अधिकाऱ्यापासून नौसैनिकापर्यंत सर्वांना पुन्हा पुन्हा करावा लागतो. यंत्रावर हात घालण्याआधी वीज तोडून तिथे पाटी लावायची, आणि ज्याने लावली त्यानेच ती काढायची, हे त्यांच्या हाडात मुरलेले असते. असा माणूस कारखान्याच्या उभारणीपासून आत असेल, तर पळायची वाट, पाण्याची नळी, क्रेनची तपासणी या गोष्टी नकाशातच येतात. अपघातानंतर त्या आठवाव्या लागत नाहीत. म्हणून हा आपल्या पोटापाण्याचा विषय आहे.

जहाजबांधणीत अशा माणसांची किंमत लोकांना ठाऊक आहे. मुंबईच्या माझगाव डॉकचे अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक म्हणून निवृत्त व्हाइस अॅडमिरल नारायण प्रसाद यांनी काम पाहिले. गोदीत जे नवलाचे नाही, ते भट्टीच्या कारखान्यात नवलाचे का वाटावे?

पण दुसरी बाजूही मोकळेपणाने सांगितली पाहिजे. जहाजावर हुकूम चालतो, साइटवर चालत नाही. ठेकेदाराचे रनिंग बिल, मोजमाप पुस्तिका, जीएसटी, बँकेच्या हप्त्याची तारीख, मजुरांचा पीएफ आणि ईएसआय, परप्रांतातून आलेल्या मजुरांचा मुकादम, वीज मंडळाच्या कचेरीतल्या खेपा, यांतले काहीच त्याने केलेले नसते. जहाजावर सुटा भाग भांडारातून येतो. इथे तो उधारीवर आणावा लागतो. हे शिकण्यात कमीपणा नाही. पण ते न शिकता "मी कमांडर होतो" एवढ्यावर खुर्ची मागणाऱ्याला मालक चहा पाजून परत पाठवतो.

यावर उपाय काय? अर्जात हुद्द्यांची आणि पदकांची रांग लावू नये. किती माणसे हाताखाली होती, दुरुस्ती किती महिन्यांची होती, मुदत पाळली का, किती सामान लागले, अपघात किती झाले, हे साध्या भाषेत आणि आकड्यांत लिहावे. जहाजाच्या शस्त्रांचा आणि क्षमतेचा गुप्त तपशील मात्र लिहू नये. संरक्षण मंत्रालयाच्या पुनर्वसन महासंचालनालयातर्फे, म्हणजे डीजीआरतर्फे, सेवेच्या अखेरच्या काळात अभ्यासक्रम मिळतात. अधिकाऱ्यांसाठी आयआयएमसारख्या संस्थांतही असतात. ते निवृत्तीआधीच पदरात पाडून घ्यावेत. पीएमपी ही प्रोजेक्ट मॅनेजमेंटची परीक्षा देण्यासाठी ३५ तासांचे प्रशिक्षण आणि प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो. रिफिटचा अनुभव त्यासाठी नीट मांडता येतो. बॉयलरवर काम केलेल्याने बॉयलर ऑपरेशन इंजिनिअरच्या परीक्षेची चौकशी करावी. आणि पहिले वर्ष एक पायरी खालच्या कामावर काढावे लागले, तर ते शिकण्याचे वर्ष समजावे.

निवृत्त फौजीला मुलकी कामात जागा शोधावी लागणे, ही गोष्ट आपल्या समाजाला नवी नाही. सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर त्यांनीही दुसरी नोकरी धरली. १९०१ साली ते सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात, दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी सरकारने काढलेल्या तलावाच्या खोदकामावर रोखपाल होते. म्हणजे एका मोठ्या बांधकामाचा पैसा त्यांच्या हातून जात होता. तिथे जायला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. त्यांत लहानगा भीमरावही होता. जात कळताच गाडीवाले मिळेनात. दुप्पट भाडे देऊन मुलांनी गाडी स्वतः हाकली, आणि रात्रभर त्यांना पाणी मिळाले नाही. ही हकिकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पलटणीतला सुभेदार पलटणीबाहेर आला की समाज त्याला हुद्दा विचारत नव्हता, जात विचारत होता. तरीही रामजींना काम मिळाले, ते त्यांच्या शिक्षणामुळे आणि चोख हिशेबामुळे. तेवढे कोणाला काढून घेता आले नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जुलै १९४५ मध्ये, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, केंद्राच्या मजूर खात्यात पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय स्थापन झाले. महायुद्धातून मोकळे झालेले सैनिक आणि युद्धकामावरचे कामगार यांना मुलकी जीवनात बसवणे, हे त्याचे काम. रोजगार विनिमय केंद्रांचे जाळे त्यातून पसरले, आणि पुढे आयटीआयचा कारभारही त्याच खात्याकडे आला. आपला मुलगा आयटीआयच्या फाटकातून आत जातो, तेव्हा त्या वाटेच्या मुळाशी परतलेल्या सैनिकांचा प्रश्न आहे.

आता मुलांविषयी. नौदलातला नौसैनिक पंधरा वर्षांची सेवा करून पेन्शन घेऊन बाहेर पडत असे. २०२२ साली अग्निवीर योजना आली. सेवा चार वर्षांची. त्यांतले २५ टक्क्यांपर्यंत पुढे कायम होतात. बाकीच्यांना व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये मिळतात, पेन्शन नाही. नौदलाच्या अग्निवीरांची पहिली तुकडी २०२२च्या अखेरीस ओडिशातल्या चिल्का येथे दाखल झाली. तिची चार वर्षे २०२६च्या अखेरीस भरतात. बाविशी-पंचविशीतला मुलगा पैसे घेऊन घरी येईल, तेव्हा त्याच्या हातात कौशल्याचा कागद आहे का, हे आईबापांनी आजच विचारले पाहिजे. सेवेत असतानाच त्याला मिळतील ती प्रमाणपत्रे घ्यायला सांगा. प्रत्येक प्रशिक्षणाची नोंद जपायला सांगा. आलेला पैसा जमिनीच्या तुकड्यात किंवा मित्राच्या भागीदारीत एकदम घालू देऊ नका.

जुन्या नियमाने पेन्शन घेतलेल्यांनीही तेच लक्षात ठेवावे. सैन्यदलाच्या पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसा घेता येतो; तो भाग पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू होतो. ती पंधरा वर्षे घर कशावर चालणार, याचा हिशेब नवरा-बायकोने एकत्र बसून करावा. तो समुद्रावर असताना तिनेच घर चालवलेले असते. घराचा खर्च तिला त्याच्यापेक्षा जास्त कळतो. खासगी नोकरी लागली म्हणून पेन्शन थांबत नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावे, औषधोपचारासाठी ईसीएचएसचे कार्ड करून घ्यावे. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षे सेवा केलेल्याला केंद्राच्या गट क मधील बिगर-तांत्रिक पदांसाठी पदवीधर धरतात, हे अनेकांना माहीतच नसते. १९९० च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती बौद्धांनाही मिळाल्या. जातीचा दाखला आणि माजी सैनिकाचा दाखला, दोन्ही एकाच फाइलीत ठेवा.

शेवटी एक विनंती. तुमच्या वस्तीतल्या निवृत्त सैनिकांची आणि नौसैनिकांची यादी विहाराच्या वहीत करा. महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्यापैकी एकाला बोलवा. यंत्र बंद कसे करावे, आग कशी आटोक्यात आणावी, अर्ज कसा लिहावा, यांतले जे त्याला येते ते त्याने पोरांना आणि भट्टीवर जाणाऱ्या माणसांना शिकवावे. त्यासाठी मालकाची परवानगी लागत नाही. आणि चार लोक त्याच्याकडून शिकू लागले, की हा माणूस गेटवर उभे राहण्यापलीकडे काय करू शकतो, हे गावालाही दिसेल आणि एमआयडीसीलाही.