झाडे धन्याची, खर्च कोणाचा?

एखाद्या धनिकाने छंदापोटी लावलेली झाडे त्याच्या पश्चात कोणी सांभाळावीत, हा प्रश्न वरवर पाहता वारसांचा घरगुती प्रश्न वाटतो. परंतु चित्रे अथवा नाणी तिजोरीत ठेवता येतात, वाटून घेता येतात, विकताही येतात. वृक्षसंग्रहाची गोष्ट निराळी आहे. दीडशे वर्षांचा देवदार जागचा हलत नाही. त्याचे खरे मूल्य लाकडाच्या भावाहून कितीतरी अधिक असते आणि नेमके तेवढेच मूल्य बाजारात वसूल होत नाही. साहजिकच संग्राहक गेला की त्याच्या वृक्षांचे भवितव्य सार्वजनिक अर्थकारणाच्या दारी येऊन उभे राहते.

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यातील वेस्टनबर्टचा इतिहास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. रॉबर्ट होलफर्ड याने १८२९ साली, वयाच्या विशीत, तेथे लागवडीस प्रारंभ केला. लंडनला पाणी पुरविणाऱ्या न्यू रिव्हर कंपनीशी निगडित असलेली घराण्याची संपत्ती त्याच्या पाठीशी होती. काळही अनुकूल होता. डेव्हिड डग्लसने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून सूचिपर्णी वृक्षांचे बी धाडण्यास नुकताच आरंभ केला होता. हिमालयातील देवदार १८३१ मध्ये इंग्लंडात पोहोचला. पुढे जोसेफ हूकरने सिक्कीममधील ऱ्होडोडेंड्रॉन नेले. साम्राज्याच्या चारही दिशांकडून येणारे हे हिरवे धन साठविण्याची जणू चढाओढच तेथील श्रीमंतांत लागली होती. होलफर्डच्या प्रासादासमोरील देखावा मोकळा व्हावा म्हणून तर अख्खे गावच उठवून दुसरीकडे वसविण्यात आले. ज्या बागेला आज लोकशिक्षणाचे साधन म्हणतात, तिच्या मुळाशी लोकांना दूर सारण्याची ही घटना आहे, हे विसरून चालणार नाही.

रॉबर्टचा मुलगा सर जॉर्ज यानेही हा छंद तितक्याच निष्ठेने जोपासला. तो १९२६ मध्ये निपुत्रिक वारला. वृक्ष भाच्याकडे, म्हणजे अर्ल ऑफ मॉर्ले यांच्याकडे आले. प्रासादात दोनच वर्षांनी मुलींची शाळा भरू लागली. पुढे महायुद्धाने बागेची आबाळ केली. मॉर्ले १९५१ मध्ये निवर्तले आणि मृत्युकराचा प्रश्न उभा राहिला. अखेरीस १९५६ साली हा संग्रह सरकारी वनआयोगाच्या ताब्यात गेला. मृत्युकर जुन्या मिळकती मोडून टाकतो, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मिळकत मोडली हे खरेच. परंतु संग्रह अखंड राहिला आणि धन्याच्या निमंत्रणावाचून आत जाण्याचा मार्ग मोकळा झाला.

अर्थात मालकी बदलली म्हणजे विद्या आली असे नव्हे. वनआयोगाची स्थापना १९१९ मध्ये झाली ती लाकडाचा राष्ट्रीय साठा वाढविण्यासाठी. लाकूड पिकविणाऱ्या खात्याकडे शोभेचे दुर्मीळ वृक्ष यावेत, हा योगायोग काहीसा गमतीचाच! वृक्षसंग्रहाला शैक्षणिक दर्जा येतो तो कंटाळवाण्या कामातून: प्रत्येक झाडाला क्रमांक, खोडावर नामपट्टी, आणि बी कोठून आले, कोणत्या वर्षी लावले याची नोंदवही. वेस्टनबर्टमध्ये आज सुमारे १५,००० वृक्ष आणि अडीच हजार प्रकार आहेत. या सर्वांची नोंद ठेवणे हा नित्याचा खर्च आहे आणि त्यासाठी देणगीदार सहसा पुढे येत नाही. त्याला स्वतःच्या नावाची कमान हवी असते. शरदात जपानी मेपलची पाने लाल होतात आणि प्रवेशशुल्क भरून झुंडीने लोक येतात. १९८५ पासून एक मित्रमंडळही संग्रहाच्या मदतीस आहे. थोडक्यात, पानांचा रंग पाहणारा प्रेक्षकच नोंदवहीचा खर्च सोसतो, आणि यात वावगे काही नाही.

बोस्टनने निराळी वाट चोखाळली. जेम्स अर्नोल्ड या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील पैशातून १८७२ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने वृक्षोद्यान स्थापले. दहा वर्षांनी विद्यापीठाने ती जमीन शहराला दिली आणि शहराने ती वर्षाला एक डॉलर भाड्याने हजार वर्षांसाठी विद्यापीठाला परत केली. रस्ते आणि पहारा शहराचा, झाडे आणि विद्या हार्वर्डची, प्रवेश सर्वांना. पहिले संचालक चार्ल्स सार्जंट १८७३ पासून १९२७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. कागदावरील कराराला इतकी दीर्घ सोबत क्वचितच लाभते.

मुंबईची राणीची बाग एका उद्यानविद्या संस्थेने उभारली, ती १८६२ मध्ये खुली झाली आणि १८७३ मध्ये नगरपालिकेकडे आली. तेथील जुने वृक्ष अभ्यासकांना मोलाचे वाटतात; गर्दी मात्र पिंजऱ्यांपुढेच असते. आपल्याकडे १९५३ साली आलेला मृत्युकर १९८५ मध्ये रद्द झाला, तेव्हा वेस्टनबर्टची वाट आपल्यासाठी बंदच आहे. महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा शहरातील झाड विनापरवाना तोडण्यास मनाई करतो, त्यांची गणनाही करावयास लावतो. पण एखाद्या हौशी माणसाने जन्मभर जमविलेला संग्रह संग्रह म्हणून टिकावा, याची तजवीज झाड न तोडण्याने होत नाही. उरते ती बोस्टनची रीत: मालक हयात असतानाच त्याने, जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने आणि नगरपालिकेने मिळून करार करावा. त्यातील पहिले कलम नोंदवहीचे असावे आणि दुसरे माळ्यांच्या पगाराचे. कमानीवर कोणाचे नाव कोरावयाचे, ते सर्वांत शेवटी ठरविले तरी चालेल.