मेघांतलें यंत्र : शाळा कीं गिरणी?

गेल्या कांहीं वर्षांत आपल्या व्याख्यानमंडपांत आणि उद्योगधंद्यांच्या सभांत एक नवा मंत्र ऐकूं येऊं लागला आहे. क्वांटम संगणक विकत घ्यावयास नको. तो दूरच्या प्रयोगशाळेंत सज्ज आहे, 'क्लाउड'च्या द्वारें तो घरबसल्या भाड्यानें वापरा, आणि औषधांच्या शोधापासून मालमोटारींच्या मार्गापर्यंत सारीं कोडीं सोडवून घ्या, असा हा मंत्र आहे. अशाच एका सभेस अलीकडे आम्ही हजर होतों. वर्षभरांत तुमचा वाहतूकखर्च हें यंत्र निम्मा करील, असें आश्वासन वक्त्यांनीं कारखानदारांस दिलें. टाळ्या पडल्या. सभेनंतर आमच्या एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, मग रेषीय बीजगणित सोडून तीन महिन्यांचें प्रमाणपत्र घेतलें तर चालेल ना?" टाळ्यांपेक्षां ह्या प्रश्नानें आम्ही अधिक अस्वस्थ झालों. त्याचेंच हें उत्तर आहे.

प्रथम जें चांगलें आहे तें मोकळ्या मनानें मान्य करूं. निसर्ग मुळांतच क्वांटम नियमांनीं चालतो, तेव्हां त्याचें अनुकरण करणारें यंत्रही त्याच नियमांचें असावें, हा विचार फाइनमन यांनीं 1981 सालीं मांडला. परंतु असें यंत्र ठेवणें सोपें नाहीं. त्याच्या एका प्रमुख प्रकाराला निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या कांहीं सहस्रांश भागाइतकेंच तापमान लागतें. मे 2016 मध्यें आयबीएमनें पांच क्यूबिटांचें आपलें यंत्र आंतरजालावरून सर्वांस खुलें केलें. पुढें अ‍ॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांनींही निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें भाड्यानें देण्यास आरंभ केला. आज सांगलीच्या महाविद्यालयांतील मुलगी आपलें लहानसें गणित खऱ्या यंत्रावर पाठवूं शकते, हें लहान भाग्य नव्हे.

पण यंत्रास हात लागणें एक, आणि त्यानें काम उरकणें दुसरें. ह्या यंत्रांत दोन क्यूबिटांवरील क्रिया शेंकडों किंवा फार तर हजारों वेळां केली, कीं कोठें तरी चूक होतेच. उलट ज्या रासायनिक प्रश्नांसाठीं हें यंत्र हवें, त्यांना अशा अब्जावधी क्रिया लागतात. चुका आपोआप दुरुस्त व्हाव्यात म्हणून एका निर्दोष क्यूबिटासाठीं अनेक सदोष क्यूबिट खर्ची घालावे लागतात. ही योजना वाढवीत नेली असतां चुका खरोखर घटतात, हें गूगलनें डिसेंबर 2024 मध्यें 105 क्यूबिटांच्या 'विलो' यंत्रावर दाखविलें. यश मोठें खरें. पण पाया भरला म्हणून कोणी वास्तुशांतीचीं आमंत्रणें धाडीत नाहीं.

दुसरी गोष्ट तुलनेच्या प्रामाणिकपणाची. ऑक्टोबर 2019 मध्यें गूगलनें सांगितलें कीं, साध्या महासंगणकास 10,000 वर्षें लागतील असें काम आपल्या 53 क्यूबिटांनीं 200 सेकंदांत केलें. तें काम व्यवहाराच्या उपयोगाचें नव्हतेंच. शिवाय त्याला अडीच दिवस पुरतील, असें आयबीएमनें लगेच बजावलें. मग जून 2023 मध्यें खुद्द आयबीएमच्या 127 क्यूबिटांचा गाजलेला प्रयोग प्रसिद्ध झाला, आणि कांहीं आठवड्यांतच इतरांनीं तीं उत्तरें साध्या संगणकांवर काढून दाखविलीं! शास्त्र अशाच झटापटींतून पुढें सरकतें, त्यांत लाज कसली? लाज वाटावी ती पहिली बातमी डंका पिटून सांगणाऱ्या आणि दुसरी गिळून टाकणाऱ्या विक्रेत्याची.

मालमोटारींचें काय? ग्रोव्हर यांची 1996 ची पद्धत दहा लक्ष शक्यतांतील शोध सुमारें एक हजार पावलांत लावते. परंतु पाऊलच मंद आणि चुकणारें असेल, तर हा नफा वाटेंतच आटतो. 2018 सालीं तर ईविन टँग ह्या विद्यार्थिनीनें, ग्राहकांस शिफारशी सुचविणाऱ्या एका क्वांटम पद्धतीचा जो प्रचंड लाभ सांगितला जात होता, तो साध्या संगणकाच्या आवाक्यांत आणून दाखविला. तो तिनें साधला तो गणिताच्या बळावर; प्रमाणपत्राच्या नव्हे.

"यंत्र भाड्यानें मिळतें, तर स्वतःचें कशाला?" असाही एक शहाणपणाचा सूर निघतो. त्यास आमचा साफ विरोध आहे. भाड्याच्या घरांत राहून कोणी गवंडीकाम शिकत नाहीं. एप्रिल 2023 मध्यें भारत सरकारनें ह्या विद्येसाठीं 6,003.65 कोटी रुपयांची योजना मंजूर केली. 2024 सालीं मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची संरक्षण संशोधनाची प्रयोगशाळा आणि टीसीएस ह्यांनीं मिळून सहा क्यूबिटांचें यंत्र चालवून पाहिलें. त्यालाही गणित क्लाउडमधूनच पाठविलें होतें. सहा ही संख्या कोणास हंसूं आणील. पण यंत्र कां चुकतें हें त्या मंडळींना जितकें कळलें, तितकें हजार क्यूबिटांच्या भाडेकरूस कळणार नाहीं.

म्हणून कारखानदारांस आमचें एवढेंच सांगणें कीं, पैसे मोजण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारा. माझें नेमकें कोडें कोणतें? तेंच कोडें उत्तम साध्या पद्धतीनें किती वेळांत आणि किती खर्चांत सुटतें? आणि ही तुलना विक्रेत्याखेरीज कोणी तपासली आहे? उत्तर न मिळाल्यास थैलीची गांठ सोडूं नये.

आणि त्या विद्यार्थ्यास? बाबा रे, मेघांतलें हें यंत्र आज शाळा आहे, गिरणी नव्हे. शाळेंत अवश्य जा, रोज जा. मात्र तेथें जी भाषा बोलतात तिचें नांवच रेषीय बीजगणित आहे. तें सोडून गेलास, तर वर्गांत बसूनही तुला कांहीं ऐकूं येणार नाहीं.