ढग पळाले की जमीन गेली?

पवनचक्क्या ढग पळवतात, म्हणून पाऊस पडत नाही, हे वाक्य चोपड्याच्या बाजारातही तुम्ही ऐकले असेल. साताऱ्याकडे वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस चक्क्या उभ्या राहिल्या. पाठोपाठ २००२ आणि २००३ ही अवर्षणाची वर्षे आली आणि ही समजूत सातारा-सांगलीकडे घरोघर गेली. पुढे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माळावर चक्क्या आल्या, तशी ती आपल्या खान्देशातही आली.

समजूत पटते, याला कारण आहे. चक्की सर्वांत जोरात फिरते ती जून ते ऑगस्टच्या वाऱ्यात. त्याच दिवसांत आपण पेरणी करून आभाळाकडे डोळे लावून बसतो. वर ढग पळताना दिसतात, खाली पाती गरगरताना दिसतात. माणूस दोन्हींची सांगड घालणारच! पण भाऊ, १९७२ चा दुष्काळ कोणत्या चक्कीने आणला होता? पात्याचे टोक शे-सव्वाशे मीटरवर पोचते. पावसाळी वाऱ्याचा थर काही किलोमीटर जाडीचा असतो. चक्कीच्या आसपासची जमिनीलगतची हवा मात्र ढवळली जाते. अमेरिकेत टेक्सासमध्ये चक्क्यांच्या पट्ट्यात रात्रीचे तापमान थोडे वाढलेले २०१२ सालच्या अभ्यासात दिसले. तेवढे खरे. ढग हाकलण्याइतके बळ त्या पात्यांत नाही.

मग तक्रार कशाची? गावाचा सगळा राग ढगांवर खर्च झाला, याची. कंपनीच्या माणसाला तर हे सोयीचेच. त्याने शास्त्र सांगायचे, आपण अडाणी ठरायचे आणि सभा संपायची. सातबाऱ्याचा विषय निघायचाच नाही. चक्क्या लावणाऱ्या उद्योगपतींना त्या काळी पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसारा मिळे, म्हणजे आयकरात मोठी सूट. ही हिरवी वीज हिरव्या नोटांचीही होती, हे पारावर कोणी सांगितले?

साक्री-नंदुरबारकडे सुझलॉनच्या प्रकल्पांसाठी वनजमीन वळवली गेली. तिथे आदिवासी पिढ्यान् पिढ्या नांगर धरत होते. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेने हा प्रश्न लावून धरला. वनहक्क कायदा २००६ चा. वनजमीन वळवायची तर ग्रामसभेची संमती हवी, असे केंद्राच्या पर्यावरण खात्याचे २००९ चे पत्र. ढगांच्या भांडणात हे कागद किती गावांत वाचले गेले असतील?

विरोध करणारेही सगळे गरिबांचे कैवारी असतात असे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ समुद्रात १३० चक्क्यांचा केप विंड नावाचा प्रकल्प २००१ मध्ये पुढे आला. पक्षी मरतील, मच्छीमार बुडतील, अशी जोरदार मोहीम त्याविरुद्ध चालली. त्या विरोधी संघटनेच्या प्रमुखांत विल्यम कोच हे कोळसा-तेलाच्या धंद्यातले श्रीमंत गृहस्थ होते, आणि समुद्रकाठच्या बंगलेवाल्यांना आपल्या खिडकीतून चक्क्या नको होत्या. २०१७ मध्ये प्रकल्प गुंडाळला गेला. आपल्याकडे केंद्राने २०२४ मध्ये गुजरात आणि तामिळनाडूच्या समुद्रातील चक्क्यांसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली आहे. तिथल्या कोळी बांधवांच्या दारातही आता दोन्हीकडचे सांगणारे येतील. प्रचारक कोणत्याही बाजूचा असो, त्याचे भाडे कोण भरतो हे आधी विचारावे.

हे सगळे चोपडेकरांना सांगण्याचे कारण वेगळे आहे. आपल्याकडे चक्क्यांआधी सौर पट्ट्या येत आहेत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत वीज उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, त्यावर दरसाल तीन टक्के वाढ, असा दर ठरला आहे. दिवसा पाणी भरायला वीज मिळणार असेल तर योजना वाईट म्हणता येणार नाही. बरड वावरातून पीक निघत नसेल तर भाडे गोडच लागेल. अडावद-धानोऱ्याच्या केळीच्या जमिनीला मात्र हा हिशेब लावू नका. आणि करार पंचवीस-तीस वर्षांचा असेल तर तुमचा आज शाळेत जाणारा नातू चाळिशीकडे झुकेल, तेव्हा जमीन सुटेल.

वैजापूर-उमर्टीकडच्या आदिवासी बांधवांनी आणि तिथल्या तलाठी, ग्रामसेवकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे विक्रीने किंवा भाडेपट्ट्याने द्यायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६ अ प्रमाणे वरची परवानगी लागते. नोटरीसमोर अंगठा घेऊन ते भागत नाही.

विखरणच्या धर्मा पाटलांचे नाव धुळे-जळगावात कोणी विसरलेले नाही. वय ८४, पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी गेली, मोबदला चार लाखांच्या आसपास. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतले आणि तिथून ते परत आले नाहीत. त्यांच्या तक्रारीत ढग नव्हते. शेजारच्या जमिनीला किती आणि मला किती, एवढाच प्रश्न होता.

म्हणून सरपंच साहेब, दलाल गावात आला की त्याला आधी ग्रामसभेत उभा करा. करारनामा मराठीत मागा आणि तो सर्वांसमोर वाचून घ्या. कुलमुखत्यारपत्र कोणाच्या नावे आहे, रस्ता आणि तारा कोणाच्या बांधावरून जाणार, कंपनी बुडाली किंवा विकली गेली तर भाडे कोण देणार, मुदतीनंतर जमिनीतले काँक्रीट कोण उपसणार, हे त्यात लिहिलेले हवे. सभामंडपाची देणगी आणि रखवालदाराची नोकरी यांचा विषय त्यानंतर काढावा. आणि सभेचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सह्या घ्याव्यात, चार दिवसांनी नव्हे.