रेषेवर बसलेला ठिपका

मी मराठीचा मास्तर. आकड्यांशी माझी गाठ पगाराच्या दिवशी पडते, आणि तीही फार काळ टिकत नाही. पण गेल्या आषाढात संख्याशास्त्र शिकणारा पुतण्या लोणावळ्याला आमच्याकडे राहायला आला. बाहेर पावसाने कोंडलेलं. मग त्याने घरच्यांवर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांवरच प्रयोग मांडला. एका दिवसात खाल्लेले उष्मांक आडवे, वजन उभं. माणसागणिक एक ठिपका, आणि ठिपक्यांच्या गर्दीतून एक सरळ रेषा.

"रेषा बरोबर कशावरून?" मी विचारलं.

"काका, आधी सगळ्यांचं वजन सरासरीइतकंच धरायचं. ज्या चुका होतील त्यांच्या वर्गांची बेरीज समजा १०० आली. मग अंदाज रेषेवरून करायचा. बेरीज ४० वर उतरली, तर रेषेला ०.६० गुण. सगळे ठिपके रेषेवर आले, तर १."

म्हणजे परीक्षा इथेही चुकली नाही!

आमच्या सौ.चा ठिपका मात्र रेषेपासून कोसभर लांब. वही पाहिली, तर नोंद आषाढी एकादशीची! खिचडी, रताळी, दाण्याची आमटी. एकादशी आणि दुप्पट खाशी!

पुतण्या मात्र हसला नाही. म्हणाला, "पां. वा. सुखात्मे हेच सांगत." साताऱ्याकडच्या बुधचे सुखात्मे १९५१ पासून रोमला जागतिक अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम पाहत होते. धडधाकट माणसाचं खाणंही रोज बदलतं, एका दिवसाच्या ताटावरून त्याला उपाशी ठरवू नये, हे त्यांचं म्हणणं. त्यावरून वि. म. दांडेकरांशी झालेला त्यांचा वाद गाजला. एकाच दिवसाचं ताट मोजलं, की रेषेचे गुणही उगाच घटतात.

"पण हा ठिपका बघा, नेमका रेषेवर!" पुतण्या खुलला.

तो मावळातून तांदूळ विकायला येणाऱ्या मावशींचा होता. खाणं थोडं, वजनही थोडं. रेषेची काही तक्रार नव्हती. मला मात्र त्यांचं एक बोलणं आठवलं : "इंद्रायणी इकायचा, दादा. घरात कण्या."

रेषा कोण किती खातो ते सांगते. त्याला किती हवं होतं, ते तिला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या, तेव्हा सौ.ने पान वाढलं. "आत्ताच जेवून निघाले, वैनी," त्या म्हणाल्या. पुतण्याने नोंद करायला वही उघडली. मावशींकडे पाहिलं, आणि मिटली.